पेन्सिलची तारीख

"पिशवी तयार झालीय, पण आत गर्भ दिसत नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि नेमक्या त्याच वेळी अनेकांत मगदूमच्या लक्षात आलं की त्यांच्या टेबलावरच्या प्लॅस्टरच्या मॉडेलमध्ये नाळेला दोनच रक्तवाहिन्या रंगवल्यात. तीन हव्या होत्या. चौदा वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाचं मन हे असं दळभद्री. घर पेटलं तरी ते आधी बंबाचा नंबर वाचून घेईल. त्याची बायको स्नेहल पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती. दोघांच्या मधल्या खुर्चीत त्याची आई राजमती, म्हणजे स्नेहलची अत्ती, ताठ बसली होती. "तारीख पक्की आहे ना शेवटच्या पाळीची?" बाईंनी विचारलं. प्रश्न स्नेहलला होता, उत्तर आईकडून आलं. "पक्की म्हंजे? दोन जून, शनवार. माझ्या कॅलेंडरवर फुली हाय की. त्यानंतर घरात अडचण आल्याली न्हाय." बाईंनी टेबलावरची गोल चकती फिरवली. आज दहा ऑगस्ट. म्हणजे दहा आठवड्यांना एक दिवस कमी. एवढ्यात गर्भ अंगठ्याच्या पेराएवढा दिसायला हवा, त्याच्या छातीत ठोका पळताना दिसायला हवा. इथे पिशवीच नऊ मिलिमीटरची. "वाढ केव्हाच थांबलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. बाई मनाने चांगल्या होत्या, उगाच आशा लावत नव्हत्या. "शनिवार-रविवार घरी विश्रांती घ्या. सोमवारी सकाळी नऊला उपाशीपोटी या. पिशवी साफ करून घेऊ. पुढच्या वेळी होईल सगळं नीट." पुढची वेळ म्हणजे कधी, हे कोणी विचारलं नाही. स्नेहल चौतिसाची होती, लग्नाला दहा वर्षं झाली होती, आणि एक चार वर्षांपूर्वी असंच तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. स्नेहलने एकदाच मान वर करून सासूकडे पाहिलं, काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडल्यासारखं केलं, आणि पुन्हा पदर गुंडाळायला लागली. अनेकांतने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्याने आपल्या सोयीने दुःख असा लावला.

राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यापासून त्यांचा फ्लॅट चार गल्ल्यांवर होता, पण आईने रिक्षा करायला लावली. रिक्षात ती मधे बसली आणि सुनेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसली. बोलली काही नाही. राजमतीबाईंचं न बोलणं ही त्या घरात फार मोठी घटना होती. एरवी ही बाई भाजीवाल्याशी, शेजारणीशी, केबलवाल्याशी सारख्याच तारस्वरात बोले, आणि खरं तेच बोले. खोटं बोलायचं नाही हे व्रत तिने तरुणपणी एका मुनिमहाराजांसमोर घेतलं होतं. त्यापायी तिने आयुष्यभर एवढी माणसं दुखावली होती की हे व्रत तिने घेतलंय का तिच्या नातेवाइकांनी, असं अनेकांतचे वडील बापूसो म्हणायचे. वडील गेले, आणि आईचा सगळा जीव नातवंडाच्या वाटेवर जाऊन बसला. आषाढात मंगळवार पेठेतल्या त्यांच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आठ दिवसांच्या पूजेचं सिद्धचक्र विधान तिने या दोघांकडून करवून घेतलं ते त्याचसाठी. विधानाला जोडपं इंद्र-इंद्राणी होऊन बसतं: डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, केशरी सोवळं, दिवसाला एकच जेवण, आणि आठ दिवस ब्रह्मचर्य. पोर व्हावं म्हणून करायच्या विधानात ब्रह्मचर्य, यातली गंमत अनेकांतने स्नेहलला सांगितली होती आणि तिने डोळे मोठे करून त्याला गप्प केलं होतं. त्याचा मुकुट सैल होता. अर्घ्य चढवायला वाकला की तो चष्म्यावर यायचा, आणि इंद्र आंधळा व्हायचा. स्नेहल मात्र इंद्राणी शोभली. आठ दिवस ती पाटावरून हलली नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला त्याला दिसला होता, पण एकवेळ जेवणारं माणूस दुसरं कसं दिसणार, असं म्हणून तो तांदूळ वाहत राहिला होता.

मग जुलै कसा गेला, ते त्याला आता रिक्षात आठवून नकोसं झालं. आईच्या हिशेबाने सुनेचे दिवस वर गेले होते. विधान संपलं त्या संध्याकाळी मुकुट उतरवताना तिने स्नेहलला मिठी मारली होती आणि भर बस्तीत रडली होती. तेव्हापासून ती सकाळी चहाआधी विचारायची, "काय सपान पडलं?" तीर्थंकराच्या आईला गर्भ राहतो तेव्हा सोळा स्वप्नं पडतात; हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, भरलेले कुंभ. स्नेहलला गॅसचा सिलिंडर संपल्याचं स्वप्न पडलं होतं. तिने तसं सांगितलं तेव्हा आई क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "सिलिंडर म्हंजे कुंभच की त्यो." ते तिघं हसले होते. स्नेहलच्या हसण्यात काहीतरी कच्चं राहिल्यासारखं तेव्हा त्याला वाटलं होतं, आणि पहिलं गेल्याची भीती असेल म्हणून त्याने तेही सोडून दिलं होतं. नवरा म्हणून अनेकांत वाईट नव्हता. फक्त सूक्ष्मदर्शकाखाली जे येत नाही ते त्याला जरा उशिरा दिसायचं.

घरी आल्यावर स्नेहल भिंतीकडे तोंड करून पडली. तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसला, पण पाठ काही बोलेना, तेव्हा गॅलरीत जाऊन त्याने सोनोग्राफीचा तो गुळगुळीत कागद मांडीवर उलगडला. करड्या धुक्यात एक काळं गोल भोक, आणि त्याच्या कडेला एक बारीक पांढरी कडी. बस्स. हे पाहताना त्याच्या मनात शास्त्र यायला नको होतं, पण आलं. दुसरं होतं काय त्याच्याजवळ? माणसाला स्वतःच्या गर्भाचे पहिले दोन महिने फार उशिरा कळले. चंद्राचे नकाशे त्याच्या आधी काढून झाले होते. कोंबडीचं सोपं होतं. सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये एकाने एकेका दिवसाची अंडी फोडून पाहिली आणि लिहून ठेवलं, की तीन दिवस-रात्री झाल्या की पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो, आणि तो जिवंत असल्यासारखा उडतो. माणसाचं पोर कवचात नसतं, आईत असतं. तिथे कोण खिडकी पाडणार? एकोणिसाव्या शतकात जर्मनीत एका शरीरशास्त्रज्ञाने हाताला लागतील तेवढे इवले गर्भ घेऊन त्यांच्या पातळ पातळ चकत्या केल्या, एकेक चकती मोठी करून काढली, आणि त्या चित्रांवरून मेणाचे हातभर गर्भ उभे केले. तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपण सगळे एकेकाळी तांदळाच्या दाण्याएवढे होतो आणि वाकून बसलो होतो. मग अमेरिकेत एका संस्थेत डॉक्टर लोक बाटल्या पाठवायला लागले. बाटलीत गर्भ, सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर पाळीची तारीख. विभागाच्या लायब्ररीत त्या संग्रहाचं एक जाडजूड जुनं पुस्तक होतं. प्रत्येक चित्राखाली नंबर होता, लांबी होती. आईचं नाव कुठेच नव्हतं. त्या बायका घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या असतील, हे चौदा वर्षांत त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. आज ते आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

पण खरी लाज आणखी खाली होती, आणि ती अंड्यांची होती. गुरुवार हा त्यांच्या घरी अंड्यांचा वार होता. त्या दिवशी भ्रूणशास्त्राचं प्रॅक्टिकल असायचं: चाळीस फलित अंडी, कवचाला कात्रीने खिडकी, पिवळ्यावर तरंगणारी ती पारदर्शक चकती कागदाच्या कडीने उचलायची, कोमट मिठाच्या पाण्यात सोडायची, काचेवर घ्यायची. जैनाच्या पोराने हा विषय घ्यायलाच नको होता. आईने पहिल्या वर्षी चार दिवस अबोला धरला, नंतर नियम केला की गुरुवारी आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. तो आंघोळ कॉलेजातच करून यायचा. पण पाण्याने काय जातं? दोन दिवसांच्या अंड्यातलं काळीज खिडकीतून नुसत्या डोळ्यांनी दिसतं, लाल, राईएवढं, टपटप करणारं. मुलं 'सर, उडतंय, उडतंय!' म्हणून ओरडतात. आणि मग ते थांबतं. मुलं पुढच्या अंड्याकडे वळतात. वर्षाला पाच गुरुवार, म्हणजे दोनशे धरली तरी चौदा वर्षांची किती झाली, हा गुणाकार त्याने आजवर टाळला होता. दोन हजार आठशे. करणी तशी भरणी, असं आई दुसऱ्यांच्या बाबतीत अगदी सहज म्हणायची. त्याला एकदम खात्री वाटली की त्या काळ्या भोकात जे दिसत नाहीये ते त्याने स्वतःच्या हाताने, कात्रीने, एकेक करून आधीच संपवलंय. शास्त्र शिकवणाऱ्याने असा विचार करू नये, हे त्याला कळत होतं. ते कळून त्याला पैशाचाही उपयोग झाला नाही.

शनिवारी तो कॉलेजात गेला, कारण घरात कुठे बसावं ते त्याला कळेना. विभागात बुद्धभूषण कांबळे इनक्युबेटरची काच पुसत होता. हा विभागाचा लॅब असिस्टंट. बावीस वर्षं नोकरी झालेली, आणि तेवढ्यात आलेल्या-गेलेल्या सगळ्या प्राध्यापकांपेक्षा त्याचा हात स्वच्छ. कोंबडीचा गर्भ काचेवर न फाटता घ्यावा तो बुद्धभूषणनेच, हे विद्यापीठातून येणारे परीक्षकसुद्धा मान्य करत. अनेकांतने त्याला सांगायचं ठरवलं नव्हतं, पण "काय सर, चेहरा का असा?" एवढ्यावर तो सगळं बोलून गेला, अगदी अंड्यांच्या गुणाकारासकट. बुद्धभूषणने फडकं खाली ठेवलं. "अंडी मी पण मांडली की सर, तुमच्या आधीपासनं. मला तीन पोरं हाईत," तो म्हणाला. मग हात पुढे केला. "कागद बघू." खिडकीशी जाऊन त्याने तो कागद उजेडात धरला, स्लाइड धरतो तसा, कडेने. बराच वेळ पाहिला. "गोल हाय," तो म्हणाला. "कड कशी टाइट हाय बघा. आत ही कडी हाय, ही बलकाची न्हवं? मेल्यालं असं दिसतंय व्हय? मेल्याल्याला आकार ऱ्हात न्हाय सर. त्ये बसतंय, सुरकुततंय. आपुण किती टाकून दिलीत तसली." अनेकांत म्हणाला, "अरे, पण दहा आठवडे झालेत." बुद्धभूषणने कागद परत दिला. "कोण म्हणतंय?"

"आई. तारीख लिहिलीय तिच्याकडं."

"तसं न्हवं. ह्यो सोता काय म्हणतोय?" बुद्धभूषणने कागदावर बोट ठेवलं. "गेल्या पावसाळ्यात मला बोललासा, ध्यानात हाय? अठ्ठेचाळीस तासाचं अंडं म्हणून फोडलं आन् आत तीस तासाचं निघालं. म्हणलासा, कांबळे, तारीख चुकीची घातलीस. तारीख बराबर होती की सर. लाइट गेलती रातभर, मशीन थंड पडलं हुतं. अंडं खोटं बोलत न्हाय. वरची पेन्सिल बोलती."

अनेकांत तिथेच स्टुलावर बसला. गेली चौदा वर्षं दर जुलैत तो फळ्यावर हेच लिहीत आला होता. त्या संस्थेतल्या लोकांनी बाटल्या तारखांप्रमाणे रांगेत लावायला घेतल्या, तर रांग जुळेना. एकाच तारखेचे दोन गर्भ. एकाला हातांच्या कळ्या फुटलेल्या, दुसऱ्याला पत्ताच नाही. चिठ्ठीवरच्या तारखांवर विसंबता येईना. शेवटी त्यांनी तारखा बाजूला ठेवल्या, गर्भाच्या रूपाकडे पाहिलं, आणि पहिल्या आठ आठवड्यांच्या तेवीस पायऱ्या पाडल्या. 'म्हणून मुलांनो, वय विचारू नका, रूप बघा,' हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं, आणि त्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी ठरलेलं हसायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याने ते जुनं पुस्तक काढलं, पट्टी घेतली, आकडे मांडले. नऊ मिलिमीटरची नीटस गोल पिशवी, आत बलकाची कडी, गर्भ अजून रेघेएवढा, दिसेल न दिसेल असा. असं रूप साडेपाच आठवड्यांचं असतं. दहा आठवड्यांच्या मेलेल्या गर्भाचं नव्हे, साडेपाच आठवड्यांच्या जिवंत गर्भाचं. त्याने पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली. पण मग दोन जूनचं काय? आईची फुली कधी चुकत नाही. तीस वर्षांची भिशीची, उपासाची, दुधाची कॅलेंडरं याला साक्षी होती. म्हणजे दोन जूनची फुली खरी, पण तिच्या पुढे एक फुली असायला हवी होती, जी पडलीच नाही. साडेपाच आठवडे मागे मोजत तो दोन जुलैपर्यंत आला. तो विधानाचा पाचवा दिवस होता. त्याला स्नेहलचा उतरलेला चेहरा दिसला, मुकुटाखालचा.

शनिवारी दिवसभर त्याने विचारलं नाही, कारण आई घरात होती. रविवारी सकाळी आई बस्तीत गेली. तिला परतायला तासभर लागणार होता. स्नेहल स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "स्नेहल," तो म्हणाला, "विधानात पाचव्या दिवशी तुला अडचण आलीती का?" तिची बोटं तांदळात थांबली. हा प्रश्न रागाने विचारलाय का, हे तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहून ठरवलं. मग म्हणाली, "अर्घ्य चढवताना. नारळ हातात होता." आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही. "उठले असते तर काय झालं असतं सांगा? शंभर माणसं बसलेली. उपाध्ये मंत्र म्हणत होते. इंद्राणी उठली की विधान मोडलं. अत्तींनी किती दिवस वाट बघून ते ठरवलंतं. सगळ्यांसमोर उठून काय सांगायचं, मला अडचण आली म्हणून? तशीच बसले. चार दिवस तशीच बसले, हो. देवाला हात लावला. शेवटच्या दिवशी घरी आल्यावर अत्तींना सांगणार होते, खरंच सांगणार होते. तर बस्तीतच त्या मला मिठी मारून रडल्या, विधान फळलं म्हणाल्या. त्यांच्या हिशेबानं तीन दिवस वर गेलेले. मग कसं सांगू? म्हटलं पुढच्या महिन्यात आपोआप कळेल त्यांना. आणि पुढच्या महिन्यात आलीच नाही! मी इतकी आनंदले. वाटलं, देवानं माझं खोटं खरं करून लाज राखली. आणि परवा त्या बाई म्हणाल्या आत काही नाही. म्हटलं बरोबर आहे. माझ्यासारखीला तो कशाला देईल?"

अनेकांतला हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्याला ठसका लागला. तिने सवयीने उठून पाणी दिलं. मग तो बोलला, अंड्यांचं, गुणाकाराचं, गॅलरीतलं सगळं. स्नेहल ऐकत राहिली आणि शेवटी वैतागून म्हणाली, "काहीतरीच काय! तुमच्या कोंबड्यांचा आणि माझ्या पोराचा काय संबंध?" तो म्हणाला, "मग तुझ्या अडचणीचा आणि पोराचा काय संबंध?" "तसं नसतं हो ते," एवढंच ती हळूच म्हणाली. तसं नसतं, हे त्यालाही माहीत होतं. त्याने तिला कागद दाखवला, पट्टी ठेवून मिलिमीटर दाखवले, आणि वर्गात बोलताना ज्याची त्याला कधी गरज पडली नव्हती ते वाक्य सांगितलं, की हा अंदाज आहे, चूकही असेल, साडेपाच आठवड्यांचे गर्भही मरतात. उद्या काही दिसलं नाही तर आपण दोघं घरी येऊ, एवढंच. "अत्तींना सांगायचं नाही," ती म्हणाली. "बाईंना सांगा तारीख, पण अत्तींना नाही. त्यांनी गावभर सांगितलंय विधान फळलं म्हणून. विधान बाटलं हे त्यांना कळलं तर त्या माझं तोंड बघणार नाहीत. आणि बघितलं तर ते आणखीच वाईट." त्याने वचन दिलं. नवरा-बायकोत जी वचनं दिली जातात त्यातलं हे एक होतं. देताना खरं, पण पाळणं दुसऱ्याच्या हातात.

सोमवारी आठलाच तो एकटा दवाखान्यात पोचला आणि बाईंना दारातच गाठून तारीख सांगितली. घरात फोन होता, पण तो आईच्या कॉटच्या उशाशी होता. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे शुक्रवारी सांगायचं ना! मी आज काय करून बसले असते!" त्यांचा आवाज चढला आणि मग चटकन उतरला, कारण समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना दिसला. आईला कळू देऊ नका, असं तो म्हणाला. त्यांनी मान हलवली. नऊला आई स्नेहलला घेऊन आली, बरोबर थर्मास, डबा, शाल, जुन्या मऊ धोतराच्या घड्या. पिशवी साफ केल्यावर लागेल ते सगळं. "आधी एकदा बघून घेते," बाई म्हणाल्या आणि स्नेहलला आत घेऊन गेल्या. आई बाकावर बसून जप करायला लागली. अनेकांत बाहेर उभा होता. त्याला आतल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ही एवढी वाट त्याने कधी कशाची पाहिली नव्हती, ना नोकरीच्या ऑर्डरची, ना वडिलांच्या शेवटच्या दिवसांत. आता काही दिसलं नाही तर आपण कोणावर रागवायचं, हेही त्याने ठरवायचा प्रयत्न केला, आणि त्याला कोणीच सापडेना. मग बाईंनी दार किलकिलं करून त्याला आत बोलावलं.

पडद्यावर तेच करडं धुकं होतं, तेच काळं गोल, जरासं मोठं झालेलं. कडीच्या शेजारी एक फिकट रेघ होती. तीन दिवसांपूर्वी ती नव्हती. बाईंनी बोट दाखवायच्या आधीच त्याला दिसलं. रेघेच्या मधे काहीतरी लुकलुकत होतं. भर भर भर, थांबत नव्हतं. हे त्याने हजारदा पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते पाहण्यासाठी आधी कवच फोडावं लागलं होतं. हे पहिलं होतं जे कोणी फोडलं नव्हतं. ते आपल्या जागी होतं, अंधारात, उबेत, आणि आपल्याला कोणी पाहतंय हे त्याला माहीत नव्हतं. "सहा आठवडे बरोबर," बाई म्हणाल्या. अनेकांतने चष्मा काढला. स्नेहलने मान वळवून पडद्याकडे न पाहता त्याच्याकडेच पाहिलं, आणि त्याचे ओले डोळे पाहून तिला जे कळायचं ते कळलं.

पुढे जे झालं त्याचा दोष बाईंना देता येणार नाही. नको ते सांगण्यातच ज्यांचा सगळा दिवस जातो त्यांना असं काही सांगायला मिळालं की भान राहत नाही. त्या घाईने बाहेर गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आजी, ठोका लागला! सगळं नीट आहे. तारखेचाच घोळ होता, दोन जून नाही, दोन जुलै धरायची!" अनेकांत स्नेहलला धरून दारात आला होता. त्याने आईला पाहिलं. तिच्या तोंडावर आधी नुसता आनंद पसरला. मग ओठ हलले. "दोन जुलै?" ती म्हणाली. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. अष्टमी, नवमी, दशमी. ती तिथी मोजत होती, आणि मोजता मोजता पाचव्या दिवसापाशी येऊन अंगठा थांबला. स्नेहलने अनेकांतचा दंड एवढ्या जोराने धरला की दुखलं. आईने मान वर केली आणि सुनेकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही.

"व्हय," आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, नेहमीच्या तारस्वरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "माझीच चुकी. जुलैची फुली मारायची ऱ्हाऊन गेली बघा. वय झालं, ध्यानात ऱ्हात न्हाय. पोरगी बिचारी माझ्या भरवशावर ऱ्हायली."

अनेकांत तिच्याकडे पाहतच राहिला. पासष्ट वर्षांच्या त्या बाईने त्याच्या देखत बोललेलं हे पहिलं खोटं होतं, आणि ते तिने असं बोललं जणू रोजचीच सवय. "अत्ती," स्नेहल म्हणाली, "मी त्या दिवशी…" "तू गप बस," आई म्हणाली. "सकाळपासनं पोटात काय न्हाय तुझ्या. बस हितं." तिने शाल अंथरली, सुनेला तिच्यावर बसवलं आणि डब्याचं झाकण काढलं. आत तूप घातलेला गरम भात होता. "मी मातर आजपासनं तीन दिस जेवणार न्हाय," मुलाकडे न बघता ती म्हणाली. "येवढी मोठी चूक झाली माझ्याकडनं. प्रायश्चित्त नको व्हय? आन् कशाचं म्हणून परत इचारायचं न्हाय." मग तिने स्वतःच्या हाताने भाताचा घास केला आणि सुनेच्या तोंडाशी धरला. शितं पदरावर सांडत होती. स्नेहलने घास घेतला, पण तिला तो खाली जाईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही तिला शुद्ध नव्हती. आईने दुसरा घास करून तसाच हातात धरला आणि थांबली.

"रडत गिळू नको," ती म्हणाली. "त्याला आता काळीज आलंया. त्याला कळतंय."